खिशातल्या वह्या: सीमाभागात जमवायच्या कशा, वापरायच्या कशा

वही जमवायची असेल तर आधी कव्हर बघा, वापरायची असेल तर आधी बांधणी. दोन्हींसाठी एकच वही धरू नये. रोजच्या वहीला घाम, पाऊस आणि मळ लागणारच, आणि संग्रहातल्या वहीला यातलं काहीही लागता कामा नये. एखादं डिझाइन फारच आवडलं तर दोन प्रती घ्याव्यात.

आधी वापरायच्या वहीबद्दल. शर्टाचा खिसा पट्टीने मोजा. वहीची रुंदी खिशापेक्षा निदान एक सेंटीमीटर कमी हवी, नाहीतर काढता-घालताना कोपरे दुमडतात. ए६ आकार १०५ बाय १४८ मिलिमीटरचा असतो आणि बऱ्याच खिशांत तो घट्ट बसतो. ९ बाय १४ सेंटीमीटरची वही सहज आत-बाहेर होते. कव्हरवर '९६ पाने' छापलेलं असलं तरी मोजताना दोन्ही बाजू धरतात, म्हणजे कागद ४८च. साध्या वह्यांचा कागद ५४ ते ६० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) असतो. त्यावर बॉलपेन चालतं, शाईपेन मागे उमटतं. शाईपेनाने लिहायचं असेल तर ८० जीएसएमच्या आसपासचा कागद पाहा आणि घेण्याआधी शेवटच्या पानाच्या कोपऱ्यावर एक रेघ ओढून मागची बाजू तपासा.

बांधणीकडे मात्र नीट लक्ष द्या. नुसत्या गोंदाने चिकटवलेली वही मधोमध पूर्ण उघडली की कणा तडकतो, आणि दोन-तीन महिन्यांत पानं सुटू लागतात. स्पायरल पँटच्या खिशात चेपतं, मग पान उलटत नाही. पिन मारलेली वही स्वस्त आणि हलकी. पण खानापूर, कणकुंबीच्या बाजूला पावसाळाभर हवेत इतका दमटपणा असतो की पिना गंजतात आणि गंज घडीवरचा कागद खातो. अथणी-चिकोडीकडच्या कोरड्या हवेत तीच वही जास्त टिकते. सगळ्यांत भरवशाची ती दोऱ्याने शिवलेली.

तशी वही घरीही होते. ए४चे सहा कागद मधोमध कापून १२ तुकडे करा आणि एकात एक घालून घडी घाला: २४ कागद, ४८ पाने. झेरॉक्सच्या ए४ कागदात तंतू बहुधा लांबीच्या दिशेने असतात. अशा कापणीत ते कण्याला समांतर येतात, म्हणून घडी सरळ पडते आणि वही उघडी राहते. आणखी अर्धी करून छोटी वही केली तर तंतू आडवे जातात आणि पानं ताठ उभी राहतात. म्हणून आकार कमी हवा असेल तर पुन्हा घडी न घालता कडा कापाव्यात. कव्हरला २०० ते २५० जीएसएमचं कार्डशीट पुरतं, तेही घडी घालून बाहेरून बसवा.

घडीवर तीन भोकं पाडा: एक मध्यावर, दोन टोकांपासून अडीच सेंटीमीटर आत. त्यासाठी बारीक आरी किंवा जाड टाचणी घ्या. पोती शिवायच्या दाभणाने भोक मोठं होतं आणि शिवण सैल राहते. सुमारे ४० सेंटीमीटर सुती दोरा मेणबत्तीवरून ओढून घ्या. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्या भोकातून आत, मधलं सोडून खालच्या भोकातून बाहेर आणि परत मधल्यातून आत. दोऱ्याची दोन टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना ठेवून त्याच्यावर गाठ मारा. दोरा ओढताना घडीच्या रेषेत ओढा. आडवा ओढला की भोक फाटतं. आतली पानं कडेला थोडी पुढे आलेली दिसतील. ती शिवून झाल्यावरच धारदार कटरने एका पातळीत कापा. आधी कापली तर कड पुन्हा तिरकी होते.

आता संग्रह. बेळगावच्या खडेबाजार, गणपत गल्लीतल्या जुन्या स्टेशनरी दुकानांत पडून राहिलेला माल विचारावा, रद्दीवाल्याला सांगून ठेवावं. जानेवारीत खत-बियाण्यांची दुकानं आणि सोसायट्या पॉकेट डायऱ्या वाटतात, त्याही सोडू नयेत. एकाच कव्हरवर मराठी, कन्नड आणि इंग्रजी असलेल्या वह्या ही या भागाची खरी दौलत आहे.

जुन्या वहीवर साल नसलं तरी ते बऱ्यापैकी काढता येतं. बेळगावकडच्या पत्त्यात मुंबई राज्य असेल तर वही १ नोव्हेंबर १९५६च्या आधीची. म्हैसूर राज्य असेल तर त्यानंतरची आणि १ नोव्हेंबर १९७३पर्यंतची. किंमत 'नये पैसे' असेल तर १९५७ ते १९६४. ५९० किंवा ५९१ने सुरू होणारा पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२नंतरची. रुपयाचं नवं चिन्ह २०१०नंतरचं, आणि दुकानाच्या शिक्क्यात जीएसटी क्रमांक असेल तर जुलै २०१७नंतरचा. बेळगावचं इंग्रजी स्पेलिंग १ नोव्हेंबर २०१४ला Belgaumचं Belagavi झालं. मराठीत मात्र 'बेळगाव' तेच राहिलं, म्हणून इंग्रजीच पाहा. छापखाने जुने ठसे पुढेही वापरत, त्यामुळे कव्हरवरच्या एकट्या जुन्या खुणेवर विसंबू नका. उशिरात उशिराची खूण कोणती ते बघा. मागच्या कव्हरवर पावकी-निमकी किंवा शेर-मणाची कोष्टकं असतील तर ती वही आधी उचला.

प्रत्येक वहीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी ठेवा: आकार, बांधणी, कुठून मिळाली, अंदाजे साल. कव्हरवर काही लिहू नका, चिकटपट्टी लावू नका, रबर बँड घालू नका. रबर उन्हाळ्यात वितळून चिकटतं. प्लॅस्टिक कव्हरच्या डायऱ्या एकमेकींवर ठेवल्या की छपाई उचलली जाते, म्हणून मध्ये बटर पेपर घाला. पत्र्याच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि गणपतीनंतर ऊन पडलं की वह्या सावलीत उघडून वारा द्या. कसर पहिल्यांदा खळ लावलेल्या कण्यातच लागते, तेव्हा तपासणी तिथून सुरू करा.

रोजच्या वहीत पहिली दोन पानं अनुक्रमणिकेसाठी सोडा आणि सगळ्या पानांना आधीच आकडे घाला. पुढून नोंदी, मागून हिशेब. कचेरीची कामं लिहिताना गावाचं नाव आणि पहाणीवरचा (म्हणजे कर्नाटकातल्या जमिनीच्या उताऱ्यावरचा) तपशील कन्नडमध्ये जसा छापलाय तसाच उतरवून घ्या, म्हणजे खिडकीवर वही दाखवली की काम होतं. पावसाळ्यात पेन्सिल किंवा बॉलपेन वापरा. शाईपेनाची बहुतेक शाई ओली झाली की पसरते. वही भिजलीच तर पानांमध्ये कोरा वर्तमानपत्री कागद घालून वर वजन ठेवा आणि कागद तासातासाने बदला. थेट उन्हात वाळवली तर पानं वाकडी होतात.