नव्या नाण्याचं वाण कसं ओळखायचं

दिवाळीनंतर पहिल्या वेचणीचा कापूस विकला आणि आमचे धाकटे भाऊजी मोबाइल घेऊन माझ्या केंद्रात आले. मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवते. सातबारा, पीक विम्याचे अर्ज, पीएम किसानची केवायसी, हे माझं रोजचं काम. लग्नाआधी अमरावतीला कॉम्प्युटर सायन्समध्ये बीएस्सी केलं, त्यामुळे घरात संगणकाचं काहीही निघालं की माझ्याकडे येतं. "वयनी, हे पाहा ना. प्रूफ ऑफ स्टेकवालं कॉइन हाय. पीअरकॉइनच्या खानदानातलं म्हणे. रोज एक टक्का देऊन रायलं."

कॉइन म्हणजे क्रिप्टोकरन्सी, फक्त संगणकांच्या जाळ्यावर असणारं नाणं. तोवर भाऊजींचे अठरा हजार भरून झाले होते. अ‍ॅपमध्ये आकडा रोज वाढत होता आणि पैसे काढायला गेलं की 'प्रतीक्षा करा' येत होतं. ते पैसे आजपर्यंत आले नाहीत. भाऊजींनी आधी विचारलं असतं तर मी काय काय तपासलं असतं ते इथे लिहिते, कारण असं नाणं घेऊन येणारे ते आमच्या गावातले शेवटचे नाहीत.

सुरुवात त्या एक टक्क्यापासून करा, त्यासाठी कोड, म्हणजे नाण्याच्या प्रोग्रामच्या ओळी, वाचाव्या लागत नाहीत. रोज एक टक्का चक्रवाढीने वर्षभर धरला तर एका नाण्याची ३७ च्या वर होतात. पण नाणी सगळ्यांचीच वाढतात. एकूण १०० नाण्यांत तुमची १० होती. आता ३,७०० च्या वर नाण्यांत तुमची ३७० च्या वर आहेत. हिस्सा दहावा होता, दहावाच राहिला. सातबाऱ्यावर एकराऐवजी गुंठे लिहिले तर आकडा चाळीसपट होतो, शेताचा धुरा (बांध) मात्र इंचभरही सरकत नाही. ज्या पीअरकॉइनचं नाव भाऊजींना सांगितलं होतं, त्याच्या मूळ नियमात स्टेकचं, म्हणजे नाणी राखून ठेवण्याचं, बक्षीस वर्षाला १ टक्का होतं. वर्षाला. तेव्हा बापाचा दर आणि लेकराचा दर शेजारी ठेवा आणि मधला फरक कुठून भरून निघणार हे विचारा.

आता खानदान. प्रूफ ऑफ स्टेक प्रत्यक्षात आणणारं पहिलं नाणं पीअरकॉइन. ते सनी किंग या टोपणनावाच्या माणसाने आणि स्कॉट नडाल यांनी ऑगस्ट २०१२ मध्ये मांडलं. तेव्हा त्याला पीपीकॉइन म्हणायचे. बिटकॉइनमध्ये पुढचा ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींच्या साखळीतलं पुढचं पान, लिहायचा हक्क संगणकांवर वीज जाळून मिळवावा लागतो, त्याला खाणकाम म्हणतात. इथे महाडीबीटीवर ट्रॅक्टरची सोडत निघायची तशी सोडत निघते, आणि ज्याची नाणी जास्त त्याच्या चिठ्ठ्या जास्त. बिटकॉइनचा कोड खुला होता म्हणून पीअरकॉइन झालं, पीअरकॉइनचा खुला होता म्हणून २०१३ च्या फेब्रुवारीत नोव्हाकॉइन आलं, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये याच घराण्याचा कोड घेऊन ब्लॅककॉइन. पुढे क्यूटमने ब्लॅककॉइनची सुधारलेली स्टेक पद्धत उचलली. कोड घेणं ही चोरी नाही, परवान्यातच तशी मुभा आहे. म्हणून "दुसऱ्याचा कोड आहे" हा दोष मी कुठल्याच नाण्याला लावत नाही. बियाण्याच्या दुकानात एकाच वाणाच्या चार नावांच्या थैल्या असतात, तसं हे. थैली फोडून आत काय आहे ते बघायचं.

त्यासाठी आधी कोड पाहिजे. गिटहबवर किंवा कुठेही सोर्स कोड उघडा ठेवलेला आहे का ते शोधा. भाऊजींच्या नाण्याचा कोड कुठेच नव्हता. एक अ‍ॅप, एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, संपलं. कोड नाही आणि साखळीतले ब्लॉक दाखवणारा एक्सप्लोररही नाही, तर ते नाणं नाहीच, कुणाच्या तरी वहीतला आकडा आहे. इथेच थांबा, पुढची तपासणी करत बसू नका.

कोड असेल तर दोन फोल्डर उतरवून घ्या: एकात बाप, एकात लेकरू. उबंटू या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमवर मेल्ड नावाचं मोफत साधन आहे, ते दोन्ही फोल्डर शेजारी शेजारी उघडून जिथे ओळ बदलली तिथे रंग दाखवतं. प्रोग्रामिंग येत नसलं तरी एवढं जमतं. रोमन अक्षरांत पीपीकॉइन हा शब्द शोधा. सनी किंग यांनी बिटकॉइनच्या कोडमध्ये जिथे बदल केला तिथे शेजारी त्या नावाने टीप लिहिली होती, आणि नोव्हाकॉइन, ब्लॅककॉइनपर्यंत त्या टिपा तशाच वाहत आल्या. कुणी "आम्ही शून्यापासून लिहिलं" म्हणत असेल आणि कोडमध्ये या टिपा सापडल्या, तर तो माणूस खोटं बोलतोय. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. जो कोडच्या वंशाबद्दल खोटं बोलतो तो नाण्यांच्या वाटपाबद्दल खरं बोलेल कशावरून?

मग रंगलेल्या ओळी वाचा. नाव, चित्र, पोर्ट क्रमांक, पत्त्याचं पहिलं अक्षर (पत्ता म्हणजे नाणी जमा होतात तो खाते क्रमांक; पीअरकॉइनचा पत्ता पी ने सुरू होतो, ब्लॅककॉइनचा बी ने), पहिला ब्लॉक, एवढंच बदललेलं असेल तर ती नुसती नवी थैली. खरं वाण कर्नेल डॉट सीपीपी नावाच्या फाइलमध्ये असतं, कारण सोडत तिथे निघते. जुन्या कोडमध्ये स्टेकच्या किमान वयाची ओळ शोधा. पीअरकॉइनमध्ये तिथे ६० गुणिले ६० गुणिले २४ गुणिले ३० असं लिहिलेलं सापडेल. हे सेकंद आहेत, म्हणजे ३० दिवस.

या वयावर थोडं थांबते, कारण आमच्या भागातल्या माणसाला याचा थेट फरक पडतो. पीअरकॉइनमध्ये नाण्याचं वय मोजतात. १०० नाणी ४० दिवस हलली नाहीत, तर ४,००० नाणे-दिवस साठले. ३० दिवस होईपर्यंत नाणं सोडतीत धरत नाहीत, आणि ९० दिवसांनंतर वयामुळे संधी आणखी वाढत नाही. सोडत लागली की वय शून्यावर येतं आणि पुन्हा मोजणी सुरू. संगणक बंद असला तरी वय वाढतच राहतं. आमच्याकडे पावसाळ्यात एखादी तार तुटली की दोन दिवस लाइट नाही. वय मोजणाऱ्या नाण्यात ते दोन दिवस फारसे वाया जात नाहीत.

पण याच सोयीत एक खोट होती. बंद ठेवून फायदा होतो म्हटल्यावर लोक संगणक बंद ठेवतात आणि जाळ्यावर पहारा देणारे कमी होतात. शिवाय कुणी दबा धरून वय साठवलं तर एकदम अनेक ब्लॉक आपल्या बाजूने ओढू शकतो. म्हणून ब्लॅककॉइनने स्टेकच्या दुसऱ्या आवृत्तीत सोडतीतून वय काढूनच टाकलं: जो त्या क्षणी जागा आहे त्याच्याच चिठ्ठ्या. पहाऱ्याला हे चांगलं. लाइट जाणाऱ्या गावातल्या माणसाला वाईट. तेव्हा समोरचं नाणं कुठल्या फांदीवरचं आहे ते कर्नेलच्या फाइलमध्ये बघा आणि स्वतःच्या गावातल्या डीपीची, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरची, आठवण ठेवून ठरवा. त्या फाइलला ज्याने खरंच हात लावला आहे, त्याला निदान विषय कळतो एवढं तरी समजतं.

न समजता नक्कल करणाऱ्यांचा एक किस्सा मला नेहमी आठवतो. नेक्स्ट हे वेगळ्या घराण्याचं, जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत नव्याने लिहिलेलं स्टेकचं नाणं. जानेवारी २०१४ मध्ये त्याचा कोड उघडा केला, तेव्हा त्यात मुद्दाम तीन चुका पेरल्या होत्या, उतरवून लगेच नवं नाणं काढणाऱ्यांना अद्दल घडावी म्हणून. ज्याला चुका सापडल्या त्याला बक्षीस होतं.

कोडनंतर वाटप, आणि माझ्या मते सगळ्यात जड गोष्ट हीच. स्टेकच्या नाण्यात पहिल्या दिवशी ज्याच्याकडे ढीग आहे त्याच्याच चिठ्ठ्या जास्त, बक्षीसही त्यालाच जास्त, आणि त्याने स्वतः विकल्याशिवाय ते हलत नाही. वाटपाच्या तीन तऱ्हा लक्षात ठेवा. पीअरकॉइनमध्ये खाणकाम आणि स्टेक दोन्ही चालू. ब्लॅककॉइनमध्ये पहिले १०,००० ब्लॉक खाणकामाने काढले, साधारण आठवड्याभरात ते संपलं आणि पुढे फक्त स्टेक. नेक्स्टमध्ये १ अब्ज नाणी पहिल्याच ब्लॉकमध्ये, एकूण २१ बिटकॉइन देणाऱ्या ७३ जणांना. तिन्ही तऱ्हा उघड सांगितलेल्या होत्या, म्हणून आज त्यांवर बोलता येतं. तुमच्या नाण्याच्या एक्सप्लोररमध्ये श्रीमंत पत्त्यांची यादी काढा आणि वरच्या दहा पत्त्यांची बेरीज करा. निम्म्याच्या वर गेली, तर ती साखळी त्या दहा पत्त्यांच्या हाती आहे, आणि दहा पत्ते म्हणजे दहा माणसं असंही नाही. पहिले शे-दोनशे ब्लॉकही उघडून बघा. एखाद्यातच अवाढव्य बक्षीस दिसलं तर आधीच काढून ठेवलेलं पीक आहे.

चेकपॉइंट्सची फाइलही उघडा. चेकपॉइंट म्हणजे 'साखळी इथपर्यंत पक्की' अशी खूण. सुरुवातीच्या काळात पीअरकॉइनमध्ये निर्मात्याच्या गुप्त डिजिटल किल्लीने सही केलेले चेकपॉइंट सगळ्यांकडे जात, हल्ला झाला तर साखळी सांभाळायला. लेकराने ती यंत्रणा ठेवली असेल, तर किल्ली कुणाकडे आहे हे जाहीर पाहिजे.

काही नाणी नुसता कोड घेऊन नाही, चालू साखळीच फोडून बनतात. मार्च २०२० मध्ये स्टीम नावाच्या साखळीतून हाइव्ह निघालं ते असं. त्यात जुन्या धारकांना नवी नाणी मिळाली, पण काही खाती मुद्दाम वगळली. अशा वेळी "नवी नाणी मिळवा, तुमची खासगी किल्ली इथे टाका" असे संदेश येतात. टाकू नका, त्या गुप्त किल्लीनेच नाणी खर्च होतात. नवं वॉलेट (किल्ल्या सांभाळणारा प्रोग्राम) वापरायचंच असेल तर आधी जुनी नाणी नव्या पत्त्यावर हलवा, आणि रिकाम्या झालेल्या पत्त्याचीच किल्ली नव्या वॉलेटमध्ये घ्या.

जुन्या घराण्यातल्या वॉलेटची एक खोड सांगते. त्यात १०० किल्ल्या आधीच काढून ठेवलेल्या असतात. त्या वापरून संपल्या की जुन्या बॅकअपमध्ये नव्या किल्ल्या नसतात. पासवर्ड लावल्यावरही नवा संच तयार होतो. म्हणून पासवर्ड लावल्यानंतर लगेच बॅकअप, आणि पुढेही अधूनमधून. स्टेकसाठी वॉलेट उघडताना 'फक्त मिंटिंगसाठी' (म्हणजे फक्त सोडतीसाठी) हा पर्याय निवडा, म्हणजे खर्चाचं कुलूप लागलेलं राहतं.

करात गफलत नको. शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं, पण कापसाच्या पैशातून घेतलं म्हणून नाणं शेतीचं होत नाही. १ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर, वर उपकर. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही.

एवढं सगळं करून हात शिवशिवत असतील तर पैसे न घालता शिका. पीअरकॉइनचं चाचणी जाळं आहे, त्यातल्या नाण्यांना किंमत नाही, आणि तिथे किमान वय ३० ऐवजी १ दिवस ठेवलं आहे. केंद्रातल्या जुन्या डेस्कटॉपवर मी आणि भाऊजींनी तेच लावलं आहे. शेजारी एक वही ठेवली, तिच्यात तीन रकाने: लाइट कधी गेली, कधी आली, ब्लॉक लागला का. रात्री ओलीत करून आले की भाऊजी आधी केंद्राचं शटर अर्धं वर करून स्क्रीन बघतात, मग घरी जेवायला जातात. वहीत पहिला ब्लॉक त्यांच्या अक्षरात आहे, पहाटे चार वाजून दहा मिनिटांचा.