वासे एका मापाचे नसले तरी पाखं सरळ कसं आणावं

कौलारू छपराच्या पाख्याला, म्हणजे एका बाजूच्या उताराला, लागणारे सगळे वासे बिलावर ४ बाय अडीच इंचांचे असतात. अंगणात उतरवून टेप लावला की एक निघतो ३ इंच ६ सुतांचा, दुसरा ४ इंच १ सुताचा, आणि तिसरा एका टोकाला भरलेला तर दुसऱ्या टोकाला उतरलेला. (८ सूत म्हणजे १ इंच.) यात दरवेळी वखारवाल्याची लबाडी असतेच असं नाही. गाठ आली की गिरणीतलं पातं थोडं सरकतं. शिवाय ओलं कापलेलं लाकूड पुढे आटतं. लांबीत ते जवळजवळ आटत नाही, पण रुंदी-जाडीत आटतं, आणि वर्षवलयांच्या वळणाने जेवढं आटतं त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आटतं. त्यामुळे गिरणीतून नीट चौकोनी निघालेला वासाही महिन्याभरात तिरका होऊ शकतो.

नळीच्या कौलांना याचं फारसं वावडं नव्हतं. खाली बांबू असो की वाकडंतिकडं जंगली लाकूड, नळे त्यावर सांभाळून बसत. मंगळुरी कौलांचं तसं नाही. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला तेव्हापासून हे कौल साच्यातून येतं. त्याच्या खोबणी शेजारच्या कौलात बसाव्या लागतात. एक वासा वर आला की त्यावरची कौलं उचलली जातात, खोबण उघडी पडते आणि वाऱ्याबरोबर येणारा पाऊस नेमका तिथून आत शिरतो. ‘कौलांखाली झाकलं जाईल’ असं कोणी म्हणालं तर खुशाल म्हणू द्यावं, पण ऐकू नये.

घेतानाच

रंधून ४ इंच हवे असतील तर ४ इंच २ सूत कापून मागा, कारण दोन्ही बाजूंना एकेक सूत रंध्यात जातं. सगळे वासे एकाच वेळी कापून घ्या. चार आज, सहा पुढच्या आठवड्यात असं केलं की मापं हमखास बदलतात. पैसे घनफुटावर जातात, म्हणून हिशेब स्वतः करा: रुंदी आणि जाडी इंचांत, लांबी फुटांत, तिघांचा गुणाकार करून १४४ ने भागायचं. ४ बाय अडीचचा १२ फुटी वासा ०.८३ घनफूट भरतो. परड्यातलं झाड पाडणार असाल तर आधी परवानगीचं बघा. १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात साग, फणस अशी झाडं येतात.

आणलेलं लाकूड भिंतीला टेकवून उभं करू नका. सावलीत, जमिनीपासून वर, प्रत्येक थरात एकाच जाडीच्या पट्ट्या घालून थप्पी लावा. पट्ट्या एकाखाली एक, एकाच रेषेत यायला हव्यात, नाहीतर वासे त्या पट्ट्यांवरच बाक घेतील. वर थोडं वजन ठेवा आणि जेवढं सुकू देता येईल तेवढं सुकू द्या.

निवड

प्रत्येक वाशाची उंची तीन ठिकाणी मोजा, दोन टोकांना आणि मधे, आणि ती पेन्सिलीने टोकावरच लिहा. दरवेळी टेप धरण्यापेक्षा प्लायच्या तुकड्याला नेमकी ४ इंचांची खाच पाडून घ्या. ती वाशावरून सरकवत न्यायची. जिथे अडते तिथे फुगवटा, जिथे खुळखुळते तिथे उतार. काम झपाट्याने होतं.

मग एका टोकाला डोळा लावून बाक पाहा. फुगलेल्या बाजूवर बाण काढा. चढवताना ती बाजू वर ठेवायची, म्हणजे कौलांच्या भाराने वासा सरळ होत जातो. पीळ पडलेला वासा मात्र छपरावर नेऊच नका. पीळ दाबून जात नाही. त्याचे आखूड तुकडे करून दुसरीकडे वापरा.

खाच वरून मोजा

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. वासा आडव्या लाकडावर घट्ट बसावा म्हणून सवयीने प्रत्येक वाशाला खालून एकसारखी, समजा ६ सुतांची खाच पाडली जाते. खाचा सारख्या झाल्या, पण वाशांची उंची वेगळी, म्हणून सगळा फरक वर कौलांच्या अंगाला जातो. करायचं याच्या उलट. वरची कड ही आपली रेघ. तिथून खाली किती लाकूड शाबूत राहणार ते ठरवा आणि सगळ्यांना तेवढंच ठेवा.

वरचंच उदाहरण घेऊ. वरून ३ इंच २ सूत कायम ठेवायचं ठरलं, तर ३ इंच ६ सुतांच्या वाशाला खाच ४ सुतांची, पुऱ्या ४ इंचाच्या वाशाला ६ सुतांची आणि ४ इंच १ सुताच्या वाशाला ७ सुतांची. खालून बघणाऱ्याला खाचा कमीजास्त दिसतील, पण कौलाला काही कळणार नाही. खाच वाशाच्या उंचीच्या पाव भागापेक्षा खोल जाऊ देऊ नका. जात असेल तर तो वासा वरून रंधा. भिंतीवरच्या आडव्या लाकडावर आणि आढ्यावर (छपराच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडावर), दोन्हीकडे हाच नियम. या दोहोंच्या मधे वाशांना आधार देणारी आडवी तुळई असेल तर बारीक वाशाखाली तिथे फट राहते. ती सागाच्या दोन पाचरी समोरासमोरून ठोकून भरा आणि खिळा मारा. प्लायचा तुकडा, कौलाची खापरी किंवा सिमेंटचा गोळा नको. ताज्या कापलेल्या लाकडावर वाळवीचं औषध लावा. कोकणात काजूच्या टरफलांचं तेलही लावतात, पण ते कातडी भाजतं, तेव्हा हातमोजे घाला.

दोरी

पाख्याच्या दोन टोकांचे वासे आधी पक्के करा. एकाच पट्टीचे तीन सारखे ठोकळे कापा. दोन ठोकळे या टोकाच्या वाशांवर ठेवून त्यांवरून बारीक नायलॉनची दोरी ताणा आणि तिसरा ठोकळा मधल्या प्रत्येक वाशावरून दोरीखाली सरकवा. दोरीला लागून गेला तर ठीक. उचलली तर वासा वर आहे, फट दिसली तर खाली. हे तीन ठिकाणी करा: आढ्यापाशी, मधे आणि पागोळीपाशी, म्हणजे छपराच्या खालच्या कडेला. एखाद्या सुताचा फरक रिप (वाशांवर आडवी ठोकलेली, कौलं पेलणारी पट्टी) सांभाळून घेते. दोन सूत असतील तर तिथे रिपेखाली पातळ लाकडी पट्टी घाला किंवा वासा रंधा. त्याहून जास्त असेल तर वासा बदलणंच स्वस्त पडतं.

रिपा

वाशांच्या रुंदीतही फरक असतोच, म्हणून वाशांमधलं अंतर कडेपासून न घेता मध्यापासून मध्यापर्यंत घ्या. रिपांचे सांधे वाशाच्या मध्यावरच आले पाहिजेत.

रिपांमधलं अंतर कोणाला विचारून ठरवू नका, तुमच्याच कौलांवरून काढा. गाडीगणिक कौलांतही फरक असतो. ११ कौलं एका ओळीत उलटी मांडा. एकदा घट्ट सरकवून आणि एकदा खोबणीत बसतील इतपत ताणून, पहिल्याच्या नाकापासून (रिपेला अडकणाऱ्या खालच्या उंचवट्यापासून) अकराव्याच्या नाकापर्यंत मोजा. दोन्ही मापांची सरासरी काढून १० ने भागा. उत्तर बहुतेक १२-१३ इंचांच्या आसपास येतं. तेवढी काठी कापा आणि पूर्ण पाख्याला तीच वापरा.

जाड निघालेल्या रिपा फेकू नका. पागोळीच्या पहिल्या ओळीखाली आणखी कौल नसतं, म्हणून ती रिप बाकीच्यांपेक्षा कौलाच्या जाडीइतकी उंच लागते. जाड रिपा तिथे कामी येतात. कमी पडल्या तर खाली पट्टी मारा.