अलिबाग पाहावे ते ओहोटीच्या हिशेबाने

अलिबागला येणारा पाहुणा साधारणपणे न्याहारी आटोपून दहा-अकराच्या सुमारास समुद्रावर येतो आणि ओहोटीला चालत जाता येणारा कुलाबा किल्ला चहूबाजूंनी पाण्यात उभा असलेला पाहून हिरमुसतो. चूक समुद्राची नसते. या शहरात काय आणि कोणत्या क्रमाने पाहायचे, हे भरती-ओहोटी ठरवते. त्यामुळे निघण्याच्या आदल्या दिवशीच तिथी पाहून ठेवावी.

कोकणातल्या किनाऱ्यावर एक जुना हिशेब चालत आलेला आहे. त्या दिवसाच्या तिथीला तिनाने गुणावे आणि चाराने भागावे. येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, आणि तिच्यापासून सहा तासांनी ओहोटी. चतुर्थीला चार गुणिले तीन भागिले चार म्हणजे तीन वाजता भरती आणि नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती आणि बाराला ओहोटी. कृष्ण पक्षात तिथी पुन्हा एकपासून मोजावी. हा हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने मागे-पुढे होतो, म्हणून मोबाइलवरील भरतीचे वेळापत्रकही जोडीला पाहावे.

पण केवळ वेळ कळून भागत नाही. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असते आणि ओहोटीला पाणी खूप दूर जाते. मात्र त्या दिवसांत ओहोटी भल्या पहाटे आणि संध्याकाळी येते, तर भर दुपारी किल्ल्याला पाण्याचा वेढा असतो. अष्टमीच्या सुमारास उलट घडते: ओहोटी सोयीच्या वेळी, दुपारी येते, परंतु भांगेचे, म्हणजे कमी चढ-उताराच्या दिवसांतले, पाणी पुरेसे मागे हटत नाही आणि गुडघाभर पाण्यातून जाण्याची तयारी ठेवावी लागते. माझ्या मते तृतीया ते पंचमी हे दिवस सर्वांत चांगले, कारण उधाणाचा जोर अजून टिकून असतो आणि ओहोटी सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान लागते. चतुर्थी साधली तर किल्ल्यातल्या गणपतीचे दर्शनही तिथीला होते, हा योगायोग जमून आलेला आहे.

पाणी ओसरत असतानाच, म्हणजे पूर्ण ओहोटीच्या तास-दीड तास आधी निघावे आणि पाणी वळल्यावर किल्ल्यात रेंगाळू नये. भरतीचे पाणी समोरून लाटा घेऊन येत नाही; ते सखल भागांतून मागच्या बाजूने भरते आणि परतीची वाट आधी तुटते. एकदा बुरुजावर गप्पा मारत बसल्यामुळे मला संध्याकाळपर्यंत आतच थांबावे लागले होते. वाटेत घोडागाडीही मिळते, आणि गाडीवान ‘आता निघा’ म्हणाला की निघावे. पायांत पट्ट्याच्या, भिजल्या तरी चालतील अशा चपला असाव्यात. खडकांना चिकटलेल्या कालवांच्या कडा अनवाणी पायांना कापतात.

किल्ल्याचे काम शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये सुरू केले आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पूर्ण झाले. तटाचे दगड जवळून पाहावेत. ते चुन्याशिवाय एकावर एक रचलेले आहेत. लाटेचे पाणी फटींत शिरते आणि तिचा मारा विखुरतो. कान्होजी आंग्रे यांच्या काळात, 1721 मध्ये, इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून केलेला हल्ला याच ठिकाणी फसला. आत 1759 मध्ये राघोजी आंग्रे यांनी बांधलेले गणेश पंचायतन आणि गोड्या पाण्याचा तलाव आहे. चाकांच्या लोखंडी गाड्यांवरील दोन तोफांपुढे छायाचित्रे काढण्यासाठी नेहमीच गर्दी असते. त्या कान्होजींच्या आहेत असे कोणी सांगितले तर ऐकून घ्यावे, पण त्यांच्यावर इंग्लंडमधील कारखान्याचे नाव आणि 1849 हे साल आहे, आणि आंग्ऱ्यांचे राज्य 1840 मध्येच खालसा झाले होते.

भरतीचे तास शहरासाठी ठेवावेत. 1729 मध्ये निधन पावलेल्या कान्होजींची समाधी गावातच आहे. हिराकोट बाहेरूनच पाहावा लागतो, कारण त्यात तुरुंग आहे. इस्रायल आळीतील मागेन अबोथ हे बेने इस्रायलींचे, म्हणजे कोकणातील ज्यूंचे, प्रार्थनास्थळ आहे. तेथे डोके झाकून जावे आणि शनिवारी भेटीचा बेत आखू नये. तेलाच्या घाण्याचा व्यवसाय करणारा हा समाज शनिवारी काम बंद ठेवी, म्हणून कोकणात त्याला ‘शनिवार तेली’ हे नाव पडले. किनाऱ्यालगतची भूचुंबकीय वेधशाळा परवानगीशिवाय आतून पाहता येत नाही, पण तिची हकिकत ठाऊक असावी: मुंबईत ट्राम विजेवर चालू लागणार, तेव्हा विजेमुळे नोंदी बिघडतील म्हणून मुंबईच्या कुलाब्याचे हे काम 1904 मध्ये या कुलाब्याला आणले गेले. नकाशावर शोधताना आजही हे दोन कुलाबे एकमेकांत मिसळतात, तेव्हा पुढे ‘अलिबाग’ लिहायला विसरू नये.

रेवदंडा आणि चौल त्याच दिवशी उरकण्याचा मोह टाळावा. त्यांना स्वतंत्र दिवस द्यावा. उन्हाळ्यात येणार असाल तर पांढऱ्या कांद्याची एखादी माळ घ्यावी, मात्र ती किल्ला पाहून झाल्यावर.

मुंबईहून गेटवे ते मांडवा ही लाँच सोयीची असून पुढे अलिबागपर्यंतची बस बहुधा त्याच तिकिटात असते. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात. तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी रो-रो (वाहनेही नेणारी बोट) किंवा पेण-वडखळमार्गे रस्ता हे पर्याय उरतात, आणि त्या महिन्यांत किल्ल्यात चालत जाण्याचा विचारही करू नये. रविवारी परतताना चोंढीच्या नाक्यावर वाहनांची रांग लागते, म्हणून शेवटची लाँच गाठायची असल्यास अलिबागहून नेहमीपेक्षा तासभर आधी निघावे.