लहानग्यांना घेऊन पुण्यात फिरायला निघताय? या चुका टाळा

मोठी साडेचार वर्षांची आणि धाकटा दीड वर्षाचा होता तेव्हाचा एक रविवार. बेत असा होता: सकाळी कात्रजचं प्राणिसंग्रहालय, मग बाहेर जेवण, दुपारी केळकर संग्रहालय, संध्याकाळी सारसबाग आणि जमलंच तर तुळशीबागेत एक चक्कर. आवराआवर करून निघेपर्यंत अकरा वाजले. दीडच्या सुमाराला आम्ही अजून कात्रजलाच होतो. वाघ सावलीला पाठ करून झोपलेला, धाकटा बाबाच्या खांद्यावर घामाघूम होऊन पेंगत होता आणि मोठीनं वाटेतच बसकण मारली होती. पुढचं सगळं रद्द करून घरी आलो. रात्री तिला विचारलं, "आज काय आवडलं गं?" ती म्हणाली, "बाकाखाली मांजरीची पिल्लं होती ना, ती."

त्या दिवसापासून आमचे बेत छोटे झाले. त्यानंतरच्या तीन वर्षांत दर दोन-तीन आठवड्यांनी आम्ही पुण्यातल्या पुण्यात कुठे ना कुठे जातो. चुकत चुकत जे कळलं ते इथे मांडते आहे. मुलं साधारण दीड ते सहा वर्षांची असतील, तर हे सगळं लागू पडेल.

एका दिवसात तीन ठिकाणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती आपण प्रेमापोटी करतो. एवढं बाहेर पडलोच आहोत, तर हेही दाखवू, तेही दाखवू. पण तीन वर्षांच्या मुलाला नवं ठिकाण अंगवळणी पडायलाच अर्धा तास लागतो. आधी ते आईचा ओढणीचा पदर सोडत नाही, मग हळूहळू दोन पावलं पुढे जातं, आणि जेमतेम रमलं की आपण म्हणतो, "चला, उशीर होतोय."

एका वेळी एकच ठिकाण आणि तिथे फार तर दोन-अडीच तास. कात्रजचा परिसर तळ्यासकट सुमारे १३० एकरांचा आहे. तो सगळा पाहायचाच असा हट्ट धरलात, तर मुलं दमतील आणि तुम्हीही. आम्ही आता जाताना ठरवूनच जातो: आज साप आणि हत्ती, बाकीचं पुढच्या वेळी. चालणं झेपणार नसेल तर आत बॅटरीवरच्या गाड्या असतात, त्यांची चौकशी दारातच करा. मुलं पार थकल्यावर रांगेत उभं राहणं फार जड जातं.

दहानंतर घर सोडणं

लहान मुलांची गाडी सकाळी सात ते दहा उत्तम चालते. त्यानंतर भूक, ऊन आणि झोप एकदमच येतात. मार्च ते मे महिन्यांत तर दहानंतर उघड्यावर नकोच. शनिवारवाड्याचंच बघा. दिल्ली दरवाज्याचे ते मोठाले खिळे मुलांना फार आवडतात, पण आतल्या इमारती १८२८ च्या आगीत गेल्या. आता आहेत ती जोती, हिरवळ आणि तटबंदी. सावली कमी. दुपारी बारा वाजता तिथे नेलेलं मूल पुन्हा किल्ल्याचं नाव काढणार नाही.

पर्वती त्याउलट सकाळीच करावी. १०३ पायऱ्या आहेत, पण ऐसपैस रुंद असल्यामुळे लहान पावलांना बऱ्या पडतात. आमच्या मोठीनं पहिल्यांदा त्या एकटीनं चढल्या त्या मोजण्याच्या नादात. अठ्ठावीसपर्यंत बरोबर मोजत आली आणि पुढे ठामपणे "नववीस" म्हणाली. मी काही दुरुस्त केलं नाही. वर पोचलो तेव्हा तिच्या हिशेबानं पायऱ्या चाळीसच भरल्या होत्या, पण एकदाही "उचलून घे" म्हणाली नव्हती. तुम्हीही मोजायला लावून पाहा. उतरताना मात्र हात धरायचाच. उतारावर मुलं पळत सुटतात आणि ढोपरं फुटतात ती तेव्हाच.

झोपेची वेळ ओलांडू नका. धाकटा साडेबाराला झोपतो, म्हणजे आम्ही साडेअकराला परतीच्या वाटेला लागलेलो असतो, मग तिथे कितीही रंगात आलेलो असलो तरी.

चौकशी न करता निघणं आणि आधीच शब्द देणं

कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं. हे पुण्यात जन्मलेल्यांनाही ऐनवेळी आठवत नाही. महापालिकेच्या बऱ्याच बागा भर दुपारी बंद असतात, सकाळी आणि संध्याकाळीच उघडतात. निघण्याआधी एक फोन करावा किंवा जाऊन आलेल्या कुणाला तरी विचारावं.

आणि शब्द जपून द्यावा. पेशवे उद्यानातली फुलराणी १९५६ पासून पुण्याच्या मुलांना फिरवते आहे. आपण बसलो, आपले आईबाबा बसले, म्हणून मुलांना बसवायची ओढ आपल्यालाच जास्त असते. पण अशा छोट्या गाड्या, पाळणे, कारंजी यांना दुरुस्ती लागतेच. "आज नक्की फुलराणीत बसायचं हं" असं घरी सांगून नेलं आणि गाडी थांबलेली असली, तर चार वर्षांच्या जिवाला ते पटवून देता येत नाही. मी आता एवढंच सांगते, "बागेत जाऊ, गाडी चालू असली तर बसू." चालू निघाली की आनंद दुप्पट होतो.

जागा सुंदर, पण मुलांच्या कामाची नाही

सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान मला स्वतःला फार आवडतं. जपानमधल्या ओकायामाच्या बागेवरून ते बेतलेलं आहे. पण तिथली हिरवळ बघायची आहे, लोळायची नाही, आणि दोन वर्षांच्या मुलाला हिरवळ दिसली की ते धावणारच. मग तासभर आपण "नको, तिकडे नको" एवढंच बोलत राहतो. धावायचं असेल तर एम्प्रेस गार्डनला जा. तिथे जुने प्रचंड वृक्ष आहेत, दाट सावली आहे आणि पाऊलवाटा भरपूर. पु. ल. उद्यानात मासे बघायला जायचंच असेल, तर आधी बाहेर कुठेतरी मनसोक्त पळवून मग न्या.

केळकर संग्रहालय पाच वर्षांच्या आतल्या मुलांना कंटाळवाणं होतं, असं बरेच जण सांगतात. मला तसं वाटत नाही. चूक होते ती दालन एक ते शेवटचं अशी ओळीनं वाचत फिरण्यात. दारातच मुलांना एक काम द्या. आम्ही सांगितलं होतं, "आज फक्त दिवे आणि अडकित्ते शोधायचे." मोठीनं पोपटाच्या, घोड्याच्या आकाराचे अडकित्ते असे काही हुडकले की शेवटी मलाच ओढून नेत होती. पाऊण तासात बाहेर पडलो, पण घरी आल्यावर आजीच्या पानाच्या डब्यातला साधा अडकित्ता तिनं तीनदा उघडून पाहिला.

कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय मात्र हमखास. छोट्या गाड्या, सिग्नल, दिवे लागलेलं गाव, आणि सगळं अर्ध्या तासात आटोपणारं. पावसाळी दिवसाला याच्यासारखं दुसरं ठिकाण नाही. आणि गाड्यांचं वेड असेल, तर नुसती मेट्रोसुद्धा सहल होते. वनाजहून बसा, डेक्कनच्या अलीकडे-पलीकडे खिडकीतून मुठा दाखवा, जिल्हा न्यायालय स्थानकात उतरा. तिथे मार्ग बदलायला खोल जमिनीखाली उतरावं लागतं. ते सरकते जिने धाकट्याला वाघापेक्षा भारी वाटतात. (जिन्यावर त्याला कडेवर घ्या, सँडलचा पट्टा अडकू शकतो.)

"तिथे काहीतरी खायला मिळेलच"

मिळतं, पण तिखट. मक्याचं कणीस, भेळ, भजी, सिंहगडावरचं पिठलं. भुकेजलेल्या मुलाच्या तोंडाला तिखट लागलं की पुढचा तास गेला. घरून न्या: तूप-गुळाची पोळी गुंडाळून, छोटी थालीपिठं, तिखट न घातलेली धिरडी, राजगिऱ्याचा लाडू, केळं. उन्हाळ्यात दहीभात डब्यात आंबतो, तो टाळा. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न आणि अख्खी द्राक्षं लहान मुलांना अजिबात देऊ नका, आणि चालताना, पळताना तर कुठलंच खाणं नको. ठसका लागून घशात अडकण्याचे प्रकार अशाच वेळी होतात. द्राक्षं न्यायचीच तर उभी चिरून न्या.

पाणी मागायची वाट बघू नका. खेळात तहान कळत नाही. दर अर्ध्या तासाला दोन घोट, हा नियमच करा. मूल एकदम मलूल झालं, ओठ कोरडे पडले, सहा-सात तासांत शूच झाली नाही, तर सहल तिथेच संपवा. सावलीत न्या, थोडं थोडं ओआरएस पाजा, आणि तरी तरतरी आली नाही तर थेट डॉक्टर गाठा.

शूचं आणखी थोडं. पोचल्या पोचल्या स्वच्छतागृह कुठे आहे ते बघून ठेवा, आणि मुलाला "लागली का?" असं न विचारता सरळ घेऊन जा. विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. पिशवीत कपड्यांचा एक पूर्ण जोड, पायमोज्यांसकट, आणि ओल्या कपड्यांना एक रिकामी पिशवी.

स्कूटरवर पुढे उभं केलेलं मूल

याबद्दल मी जरा कळकळीनं लिहिते. आपलं शहर दुचाकीचं. निम्म्या सहली स्कूटरवरूनच होतात. जाताना मूल पुढे उभं असतं, वारा खात गाणी म्हणतं. येताना तेच मूल हँडलवर मान टाकून झोपलेलं असतं आणि एक हात त्याला, एक हात गाडीला अशी कसरत चालते. सिग्नलला मी हे दर रविवारी बघते आणि पोटात गोळा येतो.

नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी नियम आहे: चालवणाऱ्याला बांधलेला सुरक्षा पट्टा, मुलाच्या मापाचं हेल्मेट आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. २०२२ मध्ये तो अधिसूचित झाला. दंडाचा विचार बाजूला ठेवा, झोपलेल्या मुलाला तो पट्टाच धरून ठेवतो. परतीच्या वेळी डोळे मिटायला लागले, तर दोघांपैकी एकानं रिक्षा करून मुलाला पुढे न्यावं. चारचाकी असेल तर मूल मागच्या सीटवर, पुढे मांडीवर नाही. आणि झोपलंय म्हणून त्याला बंद गाडीत ठेवून दोन मिनिटांसाठीसुद्धा उतरायचं नाही.

पाण्याशी सलगी

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्याचं एक कुटुंब प्रवाहाच्या मधोमध अडकलं आणि पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुलं होती. डोंगरात वर पाऊस झाला की खाली काही मिनिटांत लोंढा येतो, आपल्या डोक्यावर थेंबही नसला तरी. पावसाळ्यात लहान मुलांना घेऊन वाहत्या पाण्यात उतरायचंच नाही, घोट्याएवढ्या पाण्यातही नाही. खडकवासल्याला पाणी लांबून बघा. काठाजवळ शांत वाटतं तिथेच गाळ आणि खड्डे असतात.

पावसात भिजायचं असेल तर सोसायटीच्या गच्चीत किंवा अंगणात भिजा, होड्या सोडा. पावसाळ्यातल्या रविवारी सिंहगडाच्या घाटात गाड्या अडकतात तेव्हा मागच्या सीटवर रडणारं मूल आणि ना पुढे जाता येत ना मागे. गडावर जायचंच तर मधल्या वारी, सकाळी लवकर. मडक्यातलं दही खायला घाला, ते मुलांना आवडतं.

गर्दीत हात सुटणं

सारसबागेत संकष्टीला आणि सुट्टीच्या संध्याकाळी किती गर्दी असते ते वेगळं सांगायला नको. थंडीत तळ्यातल्या गणपतीला स्वेटर आणि कानटोपी घालतात, ते बघायला मुलांना जरूर न्या, पण सकाळी. निघताना मुलाचा त्या दिवसाच्या कपड्यांतला एक फोटो काढा. घाबरल्यावर शर्ट कुठला होता ते आठवत नाही. खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. नाव मात्र पाठीवर किंवा पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहू नका, अनोळखी माणूस नावानं हाक मारू शकतो. आणि घरीच खेळ खेळून शिकवा: आई दिसली नाही की जिथे आहेस तिथेच उभं राहायचं, आईचं पूर्ण नाव सांगायचं.

बिनसलंच तर

पोचल्यावर लगेच रडारड सुरू झाली, तर समजावत बसू नका. आधी पाणी, मग खाऊ, मग कडेवर दहा मिनिटं. बहुतेक वेळा एवढ्यात भागतं. भागलं नाही तर घरी या, तिकिटाचे पैसे गेले तर जाऊ देत.

निघायच्या वेळी हातपाय आपटले, तर चूक बहुधा आपली असते, कारण आपण एकदम "चला" म्हणतो. "अजून तीन घसरगुंड्या, मग घर" असं सांगा आणि तीनच्या तीन होऊ द्या. चौथी देऊ नका. एकदा दिलीत की पुढच्या वेळी आकडा खरा वाटत नाही.

घाटात गाडी लागत असेल तर निघण्याआधी पोटभर दूध नको, हातात मोबाइल नको, काच थोडी उघडी हवी.

मूल एकाच जागी रेंगाळत असेल, तर तो बिघाड समजू नका. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर हे आठव्या शतकातलं लेणं, एकाच खडकात वरून खाली खोदत नेलेलं. गोल नंदीमंडप, आत पाय टाकताच गारवा, तिकीट नाही. मी धाकट्याला खांब दाखवत होते. त्याचं लक्ष पायाखाली होतं. दगडाच्या खोबणीतून मुंग्या एक मेलेला किडा ओढत नेत होत्या. तो उकिडवा बसला आणि वीस मिनिटं उठला नाही. मग मीही शेजारी बसले. मुंग्या वळणाशी अडकल्या की तो श्वास धरायचा, सुटल्या की माझ्याकडे बघायचा.

आता रविवार जवळ आला की मी विचारते, "कुठे जायचं?" तो म्हणतो पाताळेश्वर. मुंग्या बघायला. चार वेळा जाऊन झालं, या रविवारी पाचव्यांदा निघतोय, साडेसातला.