वस्तीचं म्हणणं ट्रायपर्यंत कसं पोचवावं

सांगली जिल्ह्यातल्या जतमध्ये माझं ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे. इंटरनेटचे नियम ज्यांना जाचतात त्यांनाच कुणी विचारत नाही, हे इथं रोज दिसतं. सांगायची वाट मात्र खुली आहे. ट्राय (फोन-इंटरनेट कंपन्यांसाठी नियम करणारी केंद्राची संस्था) मोठा नियम करण्याआधी लोकांपुढं प्रश्न मांडणारं सल्लामसलत पत्र काढतं आणि कुणाचंही लेखी म्हणणं घेतं. डेटाच्या दरांबद्दलच्या डिसेंबर 2015 च्या पत्रावर लोकांनी ढिगानं मतं पाठवली. 8 फेब्रुवारी 2016 ला वेबसाइट बघून वेगवेगळे डेटादर लावायला बंदी आली.

पत्र लांबलचक आणि इंग्रजीत असतं. त्यातले प्रश्न तेवढे काढा, बोलीत सांगा. पूर्व भागात कन्नड बोलणारं माणूस सोबत न्या. मुदत साधारण महिन्याची, म्हणून पहिल्याच आठवड्यात उठा.

ऊसतोडीची माणसं हंगामात गावात सापडत नाहीत. फडावरच्या खोपींकडं जा, संध्याकाळी, बाया चुलीपाशी असताना. "नेट कसं आहे?" विचारलंत तर "बरं हाय" एवढंच ऐकाल. "ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?" विचारा. एक बाई म्हणाली, "मुकादमाच्या. माझं पैसं आल्यालं त्योच सांगतोय." हे वाक्य जसंच्या तसं लिहा, खाली इंग्रजी अर्थ द्या. कृपा करून ते 'शुद्ध' करू नका.

ट्राय आलेली मतं वेबसाइटवर टाकतं. म्हणून बाईचं नाव, नंबर, मुकादमाची ओळख काहीही घालू नका. मत स्वतःच्या नावानं ईमेल करा. छापील प्रत खोपीवर द्या, आणि निर्णय लागला की तिथंच जाऊन वाचून दाखवा.