मुलांसाठी शिकायचं टूल बनवताय? या चुका टाळा

मी चोपडा तालुक्यातल्या झेडपी शाळांसाठी टॅबवर चालणारी गणिताची छोटी टूल्स बनवतो. इतक्या दिवसांत एक गोष्ट पक्की कळली, टूलने उत्तर तपासायच्या आधी पोराने विचार काय केला ते बघायला पाहिजे. बहुतेक घोळ इथेच होतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसतं बरोबर-चूक दाखवणं. चौथीतली एक मुलगी ५२ वजा २७ करत होती, उत्तर टाकलं ३५, स्क्रीन लाल, "चूक, पुन्हा प्रयत्न करा". पुढचं ६१ वजा ३८, तिने टाकलं ३७, परत लाल. मी शेजारी बसून कसं केलं विचारलं तर तिने बोट ठेवून दाखवलं, सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. म्हणजे ती अंदाजाने ठोकत नव्हती, तिचा नियम ठरलेला होता, मोठ्यातून लहान काढायचा मग तो वर असो की खाली, आणि ७८ वजा ३५ ला हाच नियम बरोबर उत्तर देतो म्हणून तो डोक्यात घट्ट बसलेला. अशा ठरलेल्या चुकांवर जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी अमेरिकेत १९७८ मध्येच लिहिलंय, त्यांच्या 'बग्गी' नावाच्या प्रोग्रॅममध्ये कॉम्प्युटर मुलासारखा चुकायचा आणि शिक्षकाने त्याची चूक नेमकी कुठली ते ओळखायचं. इतकी जुनी गोष्ट, तरी आपण अजून लाल फुलीच दाखवतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

उपाय काय, तर चुकीची उत्तरं साठवा, एकच पॅटर्न दोन-तीनदा दिसला की त्या चुकीला धरून चित्र दाखवा. आम्ही ५२ चे दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या केल्या. त्यातून सात सुट्या काढ म्हटल्यावर ती थांबली, बघत बसली, आणि मग स्वतःच म्हणाली, "सर, गठ्ठा सोडना पडी", म्हणजे गठ्ठा सोडावा लागेल. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरी तक्रार नेहमीची, पोरं हिंटचं बटण भराभर दाबत शेवटच्या हिंटमधलं उत्तर उचलतात. संशोधक रायन बेकर आणि त्यांच्या सोबत्यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात २००४ मध्ये हेच मांडलं, असं करणारी मुलं कमी शिकतात. पोरांना रागावून उपयोग नाही, शॉर्टकट आपणच ठेवलेला असतो. हिंट प्रश्नाच्या रूपात द्या, दोन हिंटमध्ये थोडा वेळ जाऊ द्या, आणि उत्तर दाखवावंच लागलं तर लगेच तसंच दुसरं गणित बिना हिंटचं द्या.

तिसरं, स्लायडर, म्हणजे स्क्रीनवर बोटाने ओढून आकडा बदलायची पट्टी. स्लायडर दिसला की पोरं या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढतात, आकडे पळतात, मजा येते, आणि नंतर विचारलं तर काही सांगता येत नाही. आमच्याकडे केळीचं उदाहरण घेतलं. पाच बाय पाच फुटावर एकरात साधारण १७४२ खोडं बसतात, मग अंतर दहा बाय दहा केलं तर किती? आता आधी अंदाज टाकल्याशिवाय स्लायडर हलतच नाही. जवळपास सगळा वर्ग निम्मी म्हणतो, ८७१. मग स्लायडर सुटतो आणि ४३५ दिसतं, पण पोराचा स्वतःचा ८७१ शेजारीच तसाच ठेवलेला असतो, तो पुसायचा नाही, कारण दोन आकड्यांमधल्या त्या फरकावरच वर्गात वाद सुरू होतो आणि कुणीतरी वहीत चौकोन काढायला लागतं.

नाचणारी चित्रं, टाळ्यांचे आवाज काढून टाका, लक्ष तिकडेच जातं. आणि घरी अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्या पोरांना पुस्तकी सूचना वाचूनच दम लागतो, त्यामुळे सूचना एक ओळीची ठेवा आणि ती ऐकायची सोय द्या.

टेस्टिंगच्या वेळी मात्र मागे उभं राहून "इथे दाब, तिथे दाब" करू नका. गप्प बसा, पोराचं बोट कुठे जातं तेवढं लिहून घ्या. यावलजवळच्या एका शाळेत पोरगा गठ्ठ्याच्या चित्रावरच पुन्हा पुन्हा बोट मारत होता, तो सुटेल म्हणून, आणि आमचं "सोडा" बटण खाली कोपऱ्यात होतं. त्याच रात्री ते बटण काढलं, आता गठ्ठ्यावर बोट ठेवलं की गठ्ठाच सुटतो.