वेचणीच्या हंगामातील कंबरदुखी : औषधाबरोबर घरच्यांनी काय करावे

दिवाळीनंतर कापसाची वेचणी जोर धरते, तसे यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या गावांत कंबर धरून बसलेल्या बाया घरोघर दिसू लागतात. अशा बाईला घरचे सहसा दोन गोष्टी देतात : दुकानातली गोळी आणि ‘कंबर गेली आता हिची’ हे वाक्य. गोळीइतकाच त्या वाक्याचाही परिणाम शरीरावर होतो, म्हणून दुखणाऱ्या माणसाजवळ काय बोलावे आणि हातांनी काय करावे, हे घरच्यांनी समजून घेणे गरजेचे आहे.

मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी 1965 मध्ये असे मांडले की वेदनेचे संदेश मज्जारज्जूतच कमी-अधिक होतात. स्पर्शाचे संदेश आणि मेंदूकडून खाली येणारे संदेश त्यांना अडवू शकतात. पुढे त्यातले तपशील बदलले, पण मुख्य मुद्दा टिकला. 1978 मध्ये दाढ काढलेल्या रुग्णांवर झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात, औषध नसलेल्या नुसत्या द्रवाने ज्यांना आराम पडला होता, त्यांना अफूवर्गीय औषधांचा परिणाम रोखणारे नॅलोक्सोन दिल्यावर वेदना पुन्हा वाढल्या. आराम पडेल या अपेक्षेने शरीर स्वतःची अफूसारखी वेदनाशामक द्रव्ये सोडते, असा त्याचा अर्थ लावला गेला. त्यामुळे शेक किंवा धीराचे शब्द यांनी कोणाला बरे वाटले, तर ‘मग दुखतच नव्हते’ असे कधीही म्हणू नये. दुखणे खरे असते आणि आरामही खरा असतो.

सुरुवात बोलण्यापासून करावी. ‘गादी सरकली’, ‘नस दबली’, ‘आता वाकायचे नाही’ अशा शब्दांनी माणूस घाबरतो, हालचाल टाळतो, आणि न हलल्याने कंबर अधिकच आखडते. पाठ न दुखणाऱ्या माणसांच्या तपासण्यांचा 2015 मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांत मणक्यांमधील गादीची झीज आढळली. म्हणून अहवालात ‘झीज’ हा शब्द दिसला म्हणजे कंबर निकामी झाली, असे समजू नये. डॉक्टरांनी तपासून धोका नाही असे सांगितले असेल, तर सुनेने सासूला तेच तिच्या भाषेत सांगावे : “आत्याबाई, हाडं शाबूत हायेत म्हने डाक्टर. थोडंथोडं चालू आपन, मोकळं होईन.” मात्र खोटा धीर देऊ नये, कारण ‘दुखणारच नाही’ म्हटल्यावर दुखले की पुढच्या शब्दावरचाही विश्वास उडतो. लसीकरणाबाबत जागतिक आरोग्य संघटनेनेही 2015 मध्ये हेच सांगितले आहे : बाळाला आईने जवळ घ्यावे, शक्य असल्यास अंगावर पाजावे, आणि टोचणाऱ्याने भीतीचे किंवा खोटे शब्द टाळावेत.

शेकासाठी गरम पाण्याची पिशवी किंवा तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी जाड कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावी; साखरेच्या रुग्णांची कातडी बधिर असू शकते, म्हणून आधी आपल्या हातावर उष्णता पाहावी. मालिशला जवसाचे तेल घ्या की तिळाचे, माझ्या मते तेलापेक्षा घाई न करता फिरणारा हात महत्त्वाचा. येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. मेळघाटात पोट दुखणाऱ्या तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाने डाग देण्याची, ‘डंबा’ म्हणून ओळखली जाणारी प्रथा अजून पूर्ण थांबलेली नाही. एक तीव्र वेदना दुसरीला काही काळ दाबू शकते, हे खरे असले तरी त्याने पोटातला आजार जात नाही, आणि भाजलेल्या जागेत जंतू शिरून बाळाच्या जिवावर बेतू शकते. अशा बाळाला थेट आरोग्य केंद्रातच न्यावे.

कंबरदुखीत दिवसच्या दिवस अंथरुणावर पडून राहू नये. दुखेपर्यंत वेचायचे आणि मग दोन दिवस झोपायचे, ही पद्धत सोडून वेळ ठरवावी : अर्धा तास वेचणी, मग ओटी रिकामी करून सरळ उभे राहणे, चार पावले चालणे. जमेल तसा हा वेळ दर आठवड्याला थोडा वाढवावा. रात्री ठणका लागला, तर श्वास सावकाश आत घेऊन त्याहून सावकाश सोडावा. वेचताना गाणी म्हटल्याने, घरी भजन ऐकल्यानेही लक्ष दुखण्यावरून हलते आणि वेदना कमी जाणवते.

पायातली ताकद जाणे, लघवी-संडासवरचा ताबा सुटणे, जांघेत बधिरपणा, ताप, कारणाशिवाय वजन घटणे, पडल्यानंतरचे दुखणे किंवा छातीत दाटून हाताकडे जाणारी कळ असेल, तर घरचे उपाय करत न बसता तत्काळ दवाखाना गाठावा किंवा 108 ला फोन करावा.

डॉक्टरांनी दिलेली गोळीही मुकाट्याने हातावर ठेवू नये. 2011 मधील एका प्रयोगात निरोगी लोकांना उष्णतेच्या वेदनेवर एकाच मात्रेत तेच औषध शिरेतून चालू होते. ते चालू आहे असे सांगितल्यावर आराम सुमारे दुप्पट झाला, आणि बंद केले असे खोटेच सांगितल्यावर जवळजवळ नाहीसा झाला. म्हणून ही गोळी कशासाठी आहे आणि किती वेळाने उतार पडेल, हे आशाताईंना किंवा डॉक्टरांना आधी विचारून घ्यावे आणि गोळी देताना ते रुग्णाला तसेच सांगावे.